कुकारा

सकाळी शंभर टक्के भरून निघालो.
धक्क्यावर पोचेपर्यंत नव्वद.
पहिली फेरी : एक मास्तरीण, दुधाचे दोन कॅन, एक शेळी.
दुसऱ्या फेरीला कोणी नाही.
अकराला खिशात हात घातला
तर तव्यावरून उतरवल्यासारखा गरम,
आणि बेचाळीस.
मी एकही फोन केला नव्हता.
कोणाचा आला नव्हता.

वाटलं, बॅटरी म्हातारी झाली.
बाजारात जाऊन साडेआठशे मोजले.
नवीसुद्धा दुपारपर्यंत
ओहोटीला लागलेली.

मग एकदा तरीत इरफान बसला,
सड्यावरच्या टॉवरला डिझेल घालायला जाणारा.
कॅन दोन्ही पायांत धरून म्हणाला,
"काका, तुम्ही बोलत नाही, पण तो गप्प बसत नाही.
इथे खाली मधे डोंगर.
टॉवरला ऐकू जात नाही म्हणून हा आणखी मोठ्याने ओरडतो.
उत्तर नाही आलं, परत ओरडतो.
ओरडायलाही ताकद लागते ना?"

मी वल्हं वर उचलून धरलं.
पाणी ठिबकत राहिलं.
हे तर मला ठाऊक होतं.

फोन नव्हते तेव्हा पल्याडून कुकारा यायचा,
"तरवाल्योऽऽ होऽऽ"
वारा उलटा असला की पहिला वाटेतच बुडायचा.
मग दुसरा, गळ्याच्या शिरा ताणून. मग तिसरा.
सातव्या कुकाऱ्याचा माणूस होडीत बसला
की आधी पाणी मागायचा
आणि उतरताना पैसे द्यायला विसरायचा.
भानू कोयंडे एकदा रात्रभर ओरडला.
बायको अडलेली, डॉक्टर अल्याड,
मी तापाने फणफणलेला, कानात कापूस.
पहाटे गेलो तर त्याचा आवाज संपलेला.
दोन्ही हातांचा पाळणा करून त्याने दाखवलं,
झाली. मुलगी.
मग खाली वाळूत बसला.

इरफानने विमानाचं चित्र दाखवलं.
हे दाबा, झोपेल.
म्हटलं, मी कुठे विमानातून जातोय?
म्हणाला, "होडीचं चित्र त्यांनी दिलेलं नाही."
जाता जाता फाईव्ह जी पण बंद करून दिलं,
जे इथे कधी आलंच नव्हतं
आणि ज्याच्या वाटेकडे हा बापडा डोळे लावून होता.

आता असं करतो.
अल्याड विमान. पल्याड विमान.
बरोबर मध्यावर, जिथे दोन डोंगरांच्या फटीतून
टॉवरचा लाल दिवा दिसतो,
तिथे काठी रुतवतो आणि विमान उतरवतो.
दोन काड्या येतात. कधी तीन.
आता सगळी तरच फोन बाहेर काढते.
मासेवाली सत्यभामा कुवेतच्या झिलग्याला सांगते,
"जेवलंस काय? काय जेवलंस? बरां, ठेव, भरती लागली."
कोणाचा पगार जमा होतो.
कोणाला मेल्याची बातमी मध्यावरच कळते,
मग मी जरा सावकाश वल्हवतो.
दीड मिनिट. मग काठी उपटतो.

मला घाईचं काही सांगायचं असलं
तर लोक चिडतात, "तुमचो फोन कधी लागाचोच नाय."
खरं आहे.
सांजेला एकाहत्तर टक्के उरतात,
घरी गेल्यावर ते कशाला वापरावेत
हे मला अजून सुचलेलं नाही.

परवा काळोख पडता पडता
पल्याडच्या धक्क्यावर ऋणाली, अकरावीतली,
क्लासहून उशिरा आलेली.
तीनदा फोन लावला म्हणे.
मग इकडेतिकडे बघून, कोणी नाही याची खात्री करून,
ओरडली.
कुकारा कसा घालतात ते तिला कोणी शिकवलेलं नाही.
बारीक आवाजात, लाजत,
"हॅलोऽऽ"

पहिल्याच हाकेला ऐकू आलं.
वारा तिकडचा होता.