पोटॅशियम

रविवारी रात्री बाबा जेवण झाल्यावर तीन केळी खातात,
वर टोमॅटोचा रस.
डॉक्टरांच्या यादीत दोन्ही लाल अक्षरात आहेत :
किडनीच्या माणसाने शिवायचं नाही.
पण सोमवारी पहाटे रक्तातला आकडा चढलेला हवा.
साडेसहा.
त्याखाली भरला तर मशीन सुरू होत नाही,
घरी जा म्हणतात, त्रास वाढला की या.

ह्यूस्टनमध्ये आमचं घर दोन खोल्यांचं
आणि कागद चार तऱ्हेचे.
मी इथे जन्मले. माझं कार्ड फ्रीजवर,
अननसाच्या चुंबकाखाली. साधा खोकला आला तरी चालतं.
रेनाआत्याचं हिरवं कार्ड तिसऱ्या वर्षात आहे.
पाच होऊ देत, मग अर्ज बघू, असं खिडकीतून सांगितलं.
तोवर तिचा रक्तदाब रांगेत उभा.
आईला कार्ड नाही. आईच्या पोटातल्याला आहे.
खरंच आहे, मीच फॉर्म भरला,
नावाच्या जागी काय लिहू, विचारलं होतं.
बाळाचे ठोके ऐकायला पैसे पडत नाहीत.
आईची दाढ ठणकते ती आईची,
लवंग धरून बसते.

आणि बाबा.
मागच्या वादळानंतर या गल्लीतली निम्मी छपरं
बाबांनी घातली.
पगारातून कर कापला जातो त्या चिठ्ठ्या
आई बुटांच्या खोक्यात जपून ठेवते, का ते तिलाच माहीत.
बाबांना फक्त तातडीचं मिळतं.
तातडी म्हणजे काय, हे मी दुभाषा होऊन शिकले :
छातीत धडधड, ओठांना मुंग्या,
आणि साडेसहा.

ओडेसाबाई रक्त काढतात. वाईट नाहीत त्या.
शीर सापडत नाही तेव्हा बाबांचा हात
आधी स्वतःच्या तळहातात ऊब येईपर्यंत धरतात.
कागद आला की माझ्याकडे बघतात, कारण इंग्रजी मला येतं.
मी बाबांना आमच्या भाषेत सांगते, अजून पुरेसं नाही.
कशाला पुरेसं, ते आम्ही कुणीच पुढे बोलत नाही.

दोन्ताओफिलो आमच्याबरोबर यायचे,
काळी टोपी, खिशात सगळ्या मुलांसाठी गोळ्या.
एका सोमवारी त्यांनी संत्री जरा जास्त खाल्ली.
पार्किंगमधून दारापर्यंत चाळीस पावलं असतील.
त्यांच्या मुलीने नंतर सोललेली सालं
गाडीच्या कप ठेवायच्या जागेतून काढली,
आणि कुठे टाकावी ते न कळून
हातातच धरून उभी राहिली.

आज सहा पॉइंट चार.
बाबा हसले. हसताना त्यांचे सुजलेले डोळे पार मिटतात.
"एवढ्याशासाठी?" म्हणाले,
आणि मशीनमध्ये नाणी टाकून संत्र्याचा रस घेतला.
दोन तासांनी पुन्हा सुई.

मी गणिताची वही काढली.
जवळच्या पूर्ण संख्येत लिहा.
सहा पॉइंट चार : सहा.
सहा पॉइंट पाच : सात.
आमच्या बाई म्हणतात, नियम सोपा आहे, पाठ करायचीही गरज नाही.
मी पाचव्या उदाहरणावर आहे.
शेजारच्या खुर्चीत बाबांना डुलकी लागली आहे,
रसाची नळी अजून दातांत,
पाय इतके सुजलेत की बुटांच्या नाड्या
मी सकाळीच सोडून ठेवल्यात.

एउसेबियो चिरिनोस.
त्यांना ते नाव नीट म्हणता येत नाही,
"युसेबियो" पुकारतात.
मी वही मिटते, आधी नाड्या बांधते,
मग त्यांना उठवते.