सुट्टे नव्हते म्हणून

बिडव्यांकडे माझे चाळीस रुपये निघत होते.
दुकान बंद करायच्या दिवशी त्यांनी खण उपसला,
सुट्टे नाहीत म्हणाले,
आणि माझ्या हातात वस्तरा ठेवला.

हाडाची मूठ, एका बाजूनं पिवळी पडलेली.
तो आजार आला, गिऱ्हाइकं पात्याकडे संशयानं बघू लागली,
सगळ्यांनी अर्धं ब्लेड हातात घेतलं,
तेव्हापासून हा खणात पडून होता
तुरटीच्या खड्याशेजारी.
"धार आहे अजून," म्हणाले.
"तुमच्यापेक्षा जास्त."

ताडवाडीच्या कोपऱ्यावर आता पत्रे ठोकलेत.
पत्र्यावर टॉवरचं चित्र,
चित्रातल्या बाल्कनीत एक माणूस चहा पितोय,
गाल इतके गुळगुळीत की त्याला कधी दाढी आलीच नसावी.
बिडवे बदलापूरला, मुलाकडे.

मी बावन्न वर्षांचा. गोदीत हिशेबनीस.
पहाटे पावणेपाचला नळ येतो.
पिंप भरेपर्यंतचा वेळ माझा.

पहिल्या दिवशी वस्तरा उघडला आणि मिटला.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी उजवा कल्ला, दोन बोटं,
आणि आरशातला माणूस डावखुरा आहे
हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा लक्षात आलं.
मी हात मागे घेतला की तोही मागे सरतो,
पुढे केला की वस्तरा घेऊन
माझ्यावरच चालून येतो.

चौथ्या दिवशी हनुवटी.
तिला उतार नाही, नुसता कडा.
कापलं ते कळलंच नाही.
आधी फेस गुलाबी झाला,
चुणचुण मागाहून आली,
मनीऑर्डरच्या पावतीसारखी.

ऑफिसात फर्नांडिस म्हणाला, मांजर पाळलंस काय रे.
कुंदा काहीच म्हणाली नाही,
हळदीचा डबा मोरीच्या कट्ट्यावर ठेवून गेली.

शेवटी फोन केला.
बिडवे म्हणाले, हे सांगून येत नाही.
फोन फळीवर ठेवा, स्पीकर लावा
आणि चालवा. मी ऐकतो.

चालवला.
"पाठ फार उचललीत. खरखर येतेय.
करंगळी जाईल एवढीच फट."
चालवला.
"डाव्या हातानं कातडी ताणा. ढिल्या कातडीत तो अडखळतो."
चालवला.
"दाबताय कशाला? त्याला वजन आहे की स्वतःचं."

मग विचारलं, चामोटी कशाची केलीत?
वडिलांचा पट्टा, खिडकीच्या गजाला बांधलाय.
"तरीच. त्याला तेल पाजा. कोरडा ओरडतोय."

बदलापूरला बसून
माझा गाल ऐकत होते.
गळ्याशी आलो तसे म्हणाले, थांबा. आवंढा गिळून घ्या.
मी गिळला.
घाटी वर गेली, खाली आली, स्थिरावली.
तिच्या कडेनं वरून खाली,
नळाची धार, पिंपाचा बदलत जाणारा आवाज,
आणि काही झालं नाही.
काही न होण्याला किती वेळ लागतो.

मग तेच सुरू झालं रोज.
नळ, फोन, फेस.
पलीकडून कधी मिक्सर, कधी सुनेचा आवाज,
बाबा, पहाटे कुणाशी बोलता?
बिडवे म्हणायचे, गिऱ्हाईक आहे.

महिनाभर एक ओरखडा नाही.
परवा मी तसं सांगून टाकलं,
आता जमतंय म्हणून.

बराच वेळ पलीकडून काही नाही.
मग, "बरंय. आता फोनची काय गरज?"

वरच्या ओठाचं मात्र जमत नाही, मी म्हणालो.
नाकाखाली, ती खाच आहे ना, तिथं.

"हां," आवाज एकदम सरसावला,
"ती खाच भल्याभल्यांना पुरते. चालवा. ऐकतोय."

ओठ साफ होता, घोटलेला, कोरडा.
मी ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला.