डागी जर्दाळू

शेजारच्या झाडाचे जर्दाळू गळायला लागले की मी पाटी घेऊन जाते.
झाडावरचे त्यांचे, पडलेले माझे;
बोलून ठरलेलं नाही, पण ठरलेलं आहे.
पडलेल्याला डाग असतोच,
एका अंगाला मऊ, तपकिरी,
अंगठा टेकवला तर आत जाईल असा.

सगळा डाग कापायचा नसतो.
फळं डबाबंद करायच्या कारखान्यात एकोणीस उन्हाळे काढलेत मी,
सरकत्या पट्ट्यापाशी उभी:
चांगले डावीकडे, डागी उजवीकडे,
उजवीकडचे डुकरांना.
पार्लमध्ये तेव्हा सगळ्यांत गोड कोण खायचं
ते मला विचारा.

तर बिया काढून पातेल्यात. साखर बेताची.
चिंचेचा कोळ, दोन चमचे सिरका,
कांदा, आलं, एक मिरची मोडून,
आणि सासूबाईंच्या हातचा मसाला.
बरणीचा तळ दिसायला लागलाय;
त्याकडे मी बघत नाही.

डिसेंबर. डोंगरावरचे गोल खडक उन्हाने पांढरे पडलेत.
पातेलं फटफटतं, शिंतोडे मनगटावर.
अशा वेळी तळ खरवडत राहायचं, तोंड मिटून.
शमीला मात्र बोलतेच आहे:
मम्मी, ताटं कुठली काढू?
मम्मी, त्यांना तिखट चालेल?
मम्मी, तू काही बोलणार नाहीस ना?

ते म्हणजे तिचे होणारे सासरे.
ते म्हणजे बूता तौफीक, फाटकावरचा मुकादम,
ज्याने एका गुरुवारी, सगळ्या पाळीच्या देखत,
माझा एप्रन सोडायला लावला.
सात जर्दाळू. सातही डागी.
वहीत त्याने आकडा लिहिला, आणि पुढे अक्षरी 'सात',
कुणी मागून शून्य जोडू नये म्हणून.
एवढा न्याय त्याच्यापाशी होता.
आठवड्याचा पगार गेला.
शमीला तेव्हा पोटात होती
आणि आंबटाशिवाय काही ठरत नव्हतं.
हे तिला माहीत नाही.

थंड बशीवर एक थेंब. मधून बोट ओढलं.
वाट तशीच राहिली, दोन्ही काठ मिटले नाहीत.
झालं. उतरवा.

काड्या सकाळपासून पाण्यात आहेत.
कोंबडीच्या मांडीचे तुकडे, मध्ये कांद्याची पाकळी,
खाली द्राक्षवेलीच्या जुन्या खोडांचा निखारा.
आधी कोरडंच भाजायचं.
नव्या पोरी घाई करतात, सुरुवातीलाच लेप फासतात,
मग बाहेर कोळसा, आत कच्चं.
गोड शेवटी. मांस शिजत आलं की, पातळ हाताने,
एकदा, उलटून पुन्हा एकदा.

तो आला. हातात कलिंगड, डोक्यावरची टोपी सैल झालेली.
इतका लहान होता का हा?
पुरुष उभे राहतात तसा आगीपाशी उभा राहिला,
पहिली काडी मीच दिली.
एक तुकडा खाल्ला. दुसरा.
ओठाला लागलेलं जिभेने टिपलं.
"डागी जर्दाळूंचं आहे," म्हणाला.
"चांगल्यांना हा रंग येत नाही.
माझी बायको अगदी असंच करायची."

"हो?" मी म्हटलं. "तिला डागी कुठून मिळायचे?"

वारा पडला होता, धूर सरळ वर चालला होता.
शमीला ताटं घेऊन दारातच थांबली.
फाटकावर सगळ्यांना तपासणाऱ्याला
कोण तपासत होतं?
बूता तौफीकने निखाऱ्याकडे पाहिलं,
मग उगाचच चिमट्याने एक खोड हलवलं.
कानाच्या पाळ्या लाल. आगीनेही होतात.

मी लेपाचं पातेलं जवळ ओढलं,
ब्रश बुडवला,
त्याच्या हातातल्या उरलेल्या दोन तुकड्यांवर
आणखी एक हात फिरवला.
"खा," म्हटलं. "निवल्यावर चिकट होतं."