शंभराला एक

चाळीस वर्षं उद्यमबागेत
मी लाकडाचे पंप केले, लाकडाचे गिअर,
कधीच न फिरलेली चाकं.
वाळूत दाबायची, अलगद उचलायची;
राहिलेल्या पोकळीत लोखंड ओतणारे दुसरे.
पॅटर्न नंबर टाकून माळ्यावर.

लोखंड निवताना आकसतं.
म्हणून शंभराला एक जास्त धरायचं.
त्यासाठी वेगळी पट्टी असते आमच्याकडं,
तिचा फूट फुटापेक्षा मोठा.
नवख्या पोराच्या हातात ती दिली
की तो आधी पट्टी विकणाऱ्याला शिव्या देतो.

निवृत्त झालो आणि गुराब करायला घेतली.
का, ते अनसूयानंही विचारलं होतं.
वेंगुर्ल्याच्या जानू गिरपानं एकदा
काजूच्या कागदी पिशवीवर पेनानं
नाळ काढून दाखवली होती,
लांब, खाली झुकलेली, पाणी हुंगणारी.
"हिच्या डोक्यावरनं तोफा डागायच्या, थेट समोर."
एवढंच निमित्त.
ती पिशवी मी अकरा वर्षं जपली.

खानापूरचा साग, कुणाच्या तरी मोडलेल्या चौकटीतला.
आधी पठाण. मग बरगड्या, एकेचाळीस जोड्या.
फळ्या कुकरच्या वाफेवर वाकवल्या,
त्यांना आमटीचा वास लागला, अजून येतो.
भुसा पिठात पडतो म्हणून अनसूयानं
मला परसात हाकललं, ते बरंच झालं.
तोफा पितळेच्या;
मच्छेच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत
बाळेश कडोलकरानं लेथवर उतरवल्या, बारा,
प्रत्येकीचं तोंड मोहरीएवढं.

दोरांसाठी सूत शेजारच्या चन्नबसाप्पाचं,
वडगावच्या मागावरचं, उरलेलं.
माझी बोटं आता थरथरतात,
गाठीही त्यानंच मारल्या,
डोळ्याला भिंग लावून, विणकराची गाठ,
बोट फिरवलं तरी लागत नाही.
मी म्हणायचो डोलकाठी, परबाण, सुकाणू;
तो मान हलवायचा आणि सगळ्याला मिळून
हडगु म्हणायचा.
एका गाठीला आम्ही दोघं दोन नावांनी पाहत होतो
आणि चहा गार होत होता.

मग खडेबाजारातनं काचेची पेटी आली.
कागदावरच्या मापानं सांगितलेली, अनसूयाची भेट.
गुराब तीत बसेना.
नाळ काचेला टेकली आणि सुकाणू
दोन काड्यांच्या जाडीएवढं बाहेर राहिलं.
पेटीवाल्याला फोन केला, आवाज चढवला,
मग टेबलावर पट्टी दिसली.
तीच.
हातानं सवयीनं उचललेली, पहिल्या दिवसापासून.
पठाण, बरगड्या, डोलकाठ्या,
सगळं शंभराला एक मोठं,
ओतायचं नव्हतं तरी आकसण्याची सोय केलेलं.

बराच वेळ बसून राहिलो.
एवढ्या वर्षांत माझ्या हातचं असं काही
जे स्वतःच होतं, कशाचा तरी साचा नव्हतं,
त्यातही मी दुसऱ्यासाठी जागा ठेवली होती.
अनसूया म्हणाली, पेटीत लोणच्याच्या बरण्या ठेवू.

पाचव्या दिवशी नळ आला.
राकसकोपचं पाणी सिमेंटच्या टाकीत गुडघाभर.
गुराब सोडली. डाव्या अंगाला कलली,
मी बुडाशी शिशाचा तुकडा चिकटवला, सावरली.
चन्नबसाप्पा भिंतीवर हनुवटी टेकून बघत होता.
"हडगु येल्लिगे?" त्यानं विचारलं. निघालंय कुठं?

मी सांगायला गेलो, कोकणाकडं,
आणि थांबलो. हे पाणी तिकडं जात नाही.
हे मार्कंडेयचं, पुढं घटप्रभा, पुढं कृष्णा,
सगळा मुलूख ओलांडून उगवतीच्या समुद्राला.
तिथं नाळेची गुराब कुणी पाहिली असेल का,
ठाऊक नाही.

"पूर्वेला," म्हटलं.
त्यानं बोटानं पाणी हलवून दिलं.

गिरपाला अजून कळवलेलं नाही.