बोटांच्या बेचक्यात

डॉक्टर काबुला आधी पडदा सरकवतात.
भिंग राहू दे खिशात, म्हणतात,
आधी उजेड.
मग सरोवरावरून आलेलं सकाळचं ऊन
म्वांझाच्या टेकडीवरल्या या खोलीत
आडवं पडतं, बाकावरच्या उघड्या पाठींवर,
आणि जे सपाट वाटत होतं
त्याला उंची येते, कड येते, सावली येते.

आमच्या पुस्तकात पुरळ लाल होतं.
पानोपानी लाल, गोऱ्या दंडावर, गोऱ्या मांडीवर.
पहिला आठवडा मी लाल शोधत बसलो
आणि न्यामिझीच्या लेकाच्या कोपरात
मला काहीच दिसलं नाही.
डॉक्टरांनी माझं बोट धरून तिथं टेकवलं.
गरम. खरबरीत.
रंग होता, पण राखेत जांभूळ चिरडल्यासारखा.
"इसब," त्या म्हणाल्या.
"तुझ्या कातडीवर कसं दिसेल हे?"
वीस वर्षं अंगावर घालून फिरलेली माझी कातडी
मी तेव्हा पहिल्यांदा वाचली.

न्यामिझीला सांगायचं ते सोपं होतं:
साबण कमी, अंग ओलं असतानाच व्हॅसलीन,
बरं दिसलं तरी रोज.
सोपं मी तीनदा चुकलो.

लुगोला कोळ्याच्या कमरेला गजकर्ण.
गजकर्णाची कड जागी असते, मध्य झोपलेला,
म्हणून खरवडायचं ते कडेवरून.
पण याची कड कुणीतरी पुसली होती.
"काय लावलंत, मझे?"
बाजारातली ट्यूब निघाली, बायको गोरं व्हायला लावते ती.
खाज गेली म्हणे लगेच.
गेली नव्हती, बुरशीला पांघरूण मिळालं होतं.
काचेवर पोटॅशचा थेंब, थोडी वाट,
आणि मायक्रोस्कोपखाली त्याचीच जाळी,
फांद्या फुटलेली, गाठी नसलेली.
त्यालाही दाखवली. खूप वेळ डोळा काढेना.

शिजा मास्तरांच्या खांद्यावर फिकट डाग.
शिबं, मी म्हणालो. घाईनं.
"डोळे मिटा मास्तर," डॉक्टर म्हणाल्या,
"कापूस लागला की बोट ठेवा."
कापूस लागला.
बोट मांडीवरच राहिलं.
पुन्हा लागला.
बाहेर कुणी सुकटीच्या भावावरून भांडत होतं
ते शब्दन् शब्द ऐकू येत होतं.
डॉक्टरांनी गोळ्यांचं सांगितलं, फुकट मिळतात,
महिने मोजून घ्यायच्या, पूर्ण बरं होतं.
मग त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला,
मोजे न घालता,
आणि इकडे घेतात तसा, बोलणं संपेपर्यंत सोडला नाही.
हे कुठल्याच धड्यात नव्हतं. मी वहीत उतरवलं.

आणि आता माझं.
दुपारी मी एका आईला ऐटीत विचारलं होतं,
रात्री घरात आणखी कोण खाजवतं?
त्याच रात्री वसतिगृहात दिवा मालवल्यावर
देउसदेदितच्या खाटेवरून खसखस,
गॉडलिसनच्या खाटेवरून खसखस,
आणि तिसरी खसखस फार जवळून.
सकाळी डॉक्टरांपुढे पंजा पसरला:
बेचक्यात केसाएवढी वाकडी रेघ,
टोकाला ठिपका.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.
त्या हसल्या नाहीत. फक्त म्हणाल्या,
"उपेले. खोलीत किती जण?"

चौघं.
ज्याला खाजत नाही म्हणे तो चौथाही.
हनुवटीपासून तळव्यापर्यंत, नखांखाली, बेंबीत,
रात्रभर ठेवायचं, आठवड्यानं पुन्हा.
पाठीला स्वतःचा हात पुरत नाही,
म्हणून आम्ही ओळीनं उभे राहिलो, उघडे,
प्रत्येकजण पुढच्याची पाठ रंगवत,
मलमाच्या वासात शिंकत, शिव्या देत.
चादरी उकळून खडकांवर वाळत टाकल्या.

अकरावा दिवस आहे. अजून खाजतं.
औषध हरलं नाही, कातडीला उशिरा कळतं,
असं मी आज बाकावरच्या म्हाताऱ्याला सांगितलं
आणि सांगता सांगता
टेबलाखाली खाजवलं.
त्यानं पाहिलं.
"पोले, डॉक्टर," म्हणाला,
आणि सरकून मला बाकावर जागा केली.