बारीक होत गेलेलं अक्षर

तळघरात हीटर नाही. त्सिआला चहा आणून ठेवते,
किल्ली देते, बजावते: एकसष्ट साल उंदरांनी खाल्लं,
बाकीची सालं शाबूत आहेत.

मँगनीजच्या खाणीचं गाव.
दरीवरून तारेवर सरकणारे पाळणे,
त्यांतून जॉर्जियाच्या या कोपऱ्यावर झरणारी काळी भुकटी.

केसपेपर वाचते.
ड्रिलवर अकरा वर्षं, चाल अडखळते.
बायको म्हणते, हसायचं विसरलाय.
दुसरा उगाच हसतो, मग रडतो. दारू? पुढे प्रश्नचिन्ह.
वार्दो, खाणवाल्याची बायको, त्याचे कपडे धुते. हात थरथरतात.
निदान: स्वभाव.

नावं काढायची, असा नियम.
वार्दो आता एकशे चार.
'स्वभाव'ला तक्त्यात रकाना नव्हता,
मी एक आखला.

सगळं एकाच हातचं.
त्रेपन्नमध्ये ठसठशीत, पोटं भरलेली गोल अक्षरं.
अठ्ठावन्नला अंग चोरलेलं.
पासष्टला मुंग्यांची रांग,
पानाच्या कडेला पोचेस्तोवर एकेक मुंगी अर्धी.
आधी मी वैतागले. भिंग मागवलं.
भिंग धरलं आणि तशीच राहिले.

त्सिआला, हे कोण लिहायचं?
एल्पिदे. नोंदणीच्या खिडकीत.
कुठली खिडकी?
ती वर बोट करते. तारेखालची ती.
उन्हाळाभर उघडी असायची.

एल्पिदेची फाइल नाही. एकाही सालात नाही.
पेशंट कुठे होती ती?

चहा गार.
फुटपट्टी घेऊन मी
तिच्या अक्षरांची उंची मोजत बसले आहे,
मिलिमीटरमध्ये,
कुठल्या रकान्यात घालायची ते माहीत नसताना.