खिंडीअलीकडे

बाबा दूध गोळा करतात. सोंग-कुल तळ्याच्या काठाने,
यर्ट ते यर्ट, घोड्याच्या दोन्ही अंगांना दोन कॅन.
तिथे रेंज नाही. रेंज खिंडीत येते,
एका खडकावर उभं राहिलं की,
आणि वारा पडलेला असला तरच, असं बाबा म्हणतात.
वाऱ्याचा काही संबंध नाही हे सांगून मी थकले.

म्हणून बिश्केकमध्ये बसून मी त्यांना ॲप लिहून दिलं.
आधी सगळं फोनच्याच पोटात:
एक इवलासा डेटाबेस, एकच फाइल,
उन्हाळाभराच्या नोंदी भरल्या तरी
घोड्याच्या एका फोटोहून हलकी.
तक्ता साधा. कुणाचं दूध, तारीख, लिटर,
पाठवलं का – शून्य किंवा एक.
आणि शेवटी, जागा होती म्हणून, ‘टीप’.
तो रकाना सर्व्हरवर मी केलाच नाही.
कोण भरतंय?

जूनभर ठीक चाललं. संध्याकाळी बाबा खडकावर चढायचे,
शून्यांचे एक व्हायचे,
आणि तीन हजार मीटरवरचं दूध
माझ्या पडद्यावर पोचायचं, न सांडता, न नासता.

जुलैत हिशेब जुळेना.
ॲपमध्ये एकसष्ट, कोचकोरच्या डेअरीत अठ्ठावन्न.
दुसऱ्या दिवशी चौपन्न, बावन्न.
डेअरी मापाचे पैसे देते, बाबा ॲपमधल्या आकड्याचे वाटतात,
म्हणजे रोज बाबांच्या पदराला खार.
मला वाटलं दशांश घसरतोय.
मला वाटलं एकच नोंद दोनदा जातेय.
तीन रात्री कोड उसवत बसले.
प्रत्येक टाका जागच्या जागी.

ऑगस्टात बाबा दात दाखवायला शहरात आले.
ते झोपल्यावर त्यांचा फोन केबलला लावला,
फाइल उघडली, सगळे रकाने मागितले.

बूबूसारा. लिटर सहा.
टीप: पाच होतं. धाकट्याला चष्मा लागलाय.

ओरोझाली. लिटर चार.
टीप: दूध नाही. गाय ओढ्यात पडली. चार लिहिलंय.

झीनागुल. लिटर साडेसात.
टीप: साडेसहा. तिने आकडा वाचला, माझ्याकडे पाहिलं,
मग कॅनच पुसत राहिली.

खिंडीत वारा. आज पाठवलं नाही.

बेगिमाय, हिरवं बटण फार बारीक आहे. अंगठा मावत नाही.

बेगिमाय, कालही दोन जास्त लिहिले.
चालत नसेल तर सांग.

बेगिमाय, तू काही बोलली नाहीस,
म्हणजे चालतंय असं धरतो.

असे एकोणचाळीस दिवस.
रोज मला विचारून, रोज माझ्या गप्प राहण्याला होकार समजून,
आणि मी इकडे
दशांशावर संशय घेत बसलेले.

सकाळी बाबा चहात पाव बुडवत होते, उजव्या बाजूने चावत.
म्हणाले, ते लिटरचं... तुला वाचून कळलंच असेल.
मी म्हणाले, कळलं होतं, बाबा.

पाच होतं. मी सहा लिहिलं.

बस सुटायच्या आधी नवीन आवृत्ती त्यांच्या फोनवर चढवली.
टीपेचा रकाना सर्व्हरवर न्यायला दोन ओळी पुरल्या असत्या.
लिहिल्याही होत्या.
मग डेअरीचा हिशेबनीस आठवला, त्याची लाल पेन्सिल,
आणि कॅन पुसणारी झीनागुल.
काही गोष्टी खिंडीअलीकडेच बऱ्या.
दोन्ही ओळी खोडल्या.
आता महिन्याकाठी मीच घोड्यावर बसून वर जाते,
केबल घेऊन.

आवृत्तीत काय बदललं, या चौकटीत लिहिलं:
हिरवं बटण मोठं केलं.
बाकी काही नाही.